फ्रॅट-सोरोरिटीवाल्या प्रायव्हेट कॉलेजात पोराला पाठवायचंय? आधी हे बघून घ्या

मंडळाच्या गणपतीला आरती झाली की प्रसादाच्या रांगेत कोणीतरी आई मला हमखास गाठते आणि विचारते, ताई तुमचा मुलगा तसल्या कॉलेजात होता ना, आमची आत्ता हायस्कूलच्या सीनियर इयरला आहे, तिला व्हर्जिनियातलं ते लाल विटांचं, पांढऱ्या खांबांचं कॉलेज फार आवडलंय, पण तिथे म्हणे सगळं फ्रॅटर्निटीवर चालतं, मग पाठवावं का? आता रांगेत हातात द्रोण धरून याचं उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा बसून सगळं लिहितेय. आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगा अशाच एका कॉलेजातून चार वर्षं काढून बाहेर पडला, भाची साउथमधल्या एका युनिव्हर्सिटीत सोरोरिटीत होती. दोघांचे अनुभव अगदी वेगळे आहेत आणि दोन्ही खरे आहेत.

आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण ती समजायला मला स्वतःला दोन वर्षं लागली. मी पुण्यात शिकले. आमच्याकडे कॉलेज म्हणजे लेक्चर, कॅन्टीन, फिरोदियाची प्रॅक्टिस आणि कट्टा. कट्ट्यावर बसायला कोणाची परवानगी लागत नाही, तुम्ही जाऊन बसलात की तुम्ही कट्ट्यावरचे झालात. इथे या कॉलेजांमध्ये कट्टा असतो पण त्याला दार असतं, दाराला यादी असते, आणि आत कोण येणार हे आतली पोरं ठरवतात. बाकी प्रेपी कपडे, टेलगेट म्हणजे मॅचआधीच्या पार्ट्या, फॉर्मल पार्ट्या हे सगळं वरवरचं आहे. कॉलेज निवडताना ते दार कसं चालतं आणि दाराबाहेर राहिलेल्या पोरांचं काय होतं, हे बघायचं असतं.

थोडे शब्द सांगते, कारण पोरं हे शब्द घरात फेकतात आणि आपण नुसती मान डोलावतो. फ्रॅटर्निटी मुलांची, सोरोरिटी मुलींची, दोन्ही मिळून ग्रीक लाइफ, कारण नावं ग्रीक अक्षरांची. आज दिसतात तशा सोशल फ्रॅटर्निटीची सुरुवात १८२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात झाली, म्हणजे ही फॅशन नाही, दोनशे वर्षांची मुरलेली गोष्ट आहे. रश म्हणजे निवडीचा आठवडा किंवा आठवडे, बिड म्हणजे आमच्यात ये असं आमंत्रण, प्लेज म्हणजे आत घेतलेला पण अजून पूर्ण मेंबर न झालेला पोरगा, ड्यूज म्हणजे वर्गणी. आणि प्रेपी म्हणजे काय ते कॅम्पसवर पाय ठेवल्यावर दिसतंच, बोट शूज, क्वार्टर झिप, बार्बरचं जॅकेट, मुली फुटबॉलच्या मॅचला सनड्रेस घालून. डॅलसला एसएमयूमध्ये, म्हणजे सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीत, मॅचच्या आधी बुलेव्हार्डवर तंबू लागतात आणि लोक लग्नाला आल्यासारखे नटून येतात. व्हर्जिनियातल्या वॉशिंग्टन अँड ली कॉलेजमध्ये फॅन्सी ड्रेस नावाचा बॉल असतो, शंभर वर्षांहून जुना. तुमच्या पोराला हे आवडत असेल तर त्यात वाईट काहीच नाही, नटायची हौस आपल्यालाही असतेच.

आता एकेक पायरी.

पहिलं काम, आकडा शोधा, ब्रोशरमधला नाही. जवळजवळ प्रत्येक कॉलेज कॉमन डेटा सेट नावाचं एक लांबलचक डॉक्युमेंट दरवर्षी काढतं, कॉलेजचं नाव आणि कॉमन डेटा सेट एवढं गुगलवर टाकलं की मिळतं. त्यात एफ विभागात सरळ लिहिलेलं असतं की किती टक्के मुलगे फ्रॅटर्निटीत आणि किती टक्के मुली सोरोरिटीत जातात. वॉशिंग्टन अँड ली मध्ये साधारण चारातली तीन पोरं ग्रीक असतात, व्हँडरबिल्टला हे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी असतं. आता या दोन कॉलेजांची टूर घेतलीत तर दोन्हीकडे टूर देणारी मुलगी हसून एकच वाक्य सांगेल की आमच्याकडे ग्रीक लाइफ आहे पण कोणावर जबरदस्ती नाही. चारातली तीन असतील तिथे जबरदस्ती करावीच लागत नाही हो, उरलेल्या चौथ्याने जायचं कुठे हा प्रश्न असतो.

पण आकडा वाचताना एक चकवा आहे तो लक्षात ठेवा. डार्टमथ, कोलगेट, बकनेल अशा ठिकाणी पहिल्या वर्षाच्या पोरांना जॉइनच होता येत नाही, दुसऱ्या वर्षी रश. मग सगळ्या कॅम्पसची टक्केवारी काढली की पहिल्या वर्षाची सगळी पोरं भागाकारात खाली बसतात आणि आकडा लहान दिसतो. म्हणून विचारायचं असं की जॉइन व्हायला पात्र असलेल्यांपैकी किती टक्के, आणि मुलगे-मुली वेगवेगळं विचारा. बऱ्याच कॉलेजात मुलींचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे मुलाला जे कॉलेज मोकळं वाटेल तेच मुलीला तेवढं मोकळं वाटेल असं नाही.

दुसरं, रश कधी असतो. मला विचाराल तर हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि आम्ही तो विचारलाच नव्हता. साउथमधल्या मोठ्या सरकारी युनिव्हर्सिट्यांत मुलींचा रश ऑगस्टमध्ये क्लास सुरू व्हायच्या आधीच उरकतो. आपण बोलतोय त्या प्रायव्हेट कॉलेजांत, व्हँडरबिल्ट, वेक फॉरेस्ट, लीहाय वगैरे, तो पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सेमिस्टरला असतो. ऐकायला बरं वाटतं की चार महिने मिळाले, आणि ते बरंच आहे, कारण पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड हातात असतात आणि ठराविक जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, नसेल तर रशला बसताच येत नाही. पण त्या चार महिन्यांत काय होतं ते बघा. मुलाच्या डॉर्मच्या, म्हणजे हॉस्टेलच्या, मजल्यावर चौदा पोरं होती, ऑगस्टपासून सगळे एकत्र ब्रेकफास्टला, एकत्र जिमला. जानेवारीत बिड आले, त्यातल्या नऊ जणांना एकाच हाऊसचा, म्हणजे एकाच फ्रॅटर्निटीचा. माझ्या मुलाला नाही. रविवारी रात्री त्याचा फोन आला, आवाज नेहमीसारखाच होता, फक्त म्हणाला की आई आज डायनिंग हॉलमध्ये मी कुठे बसू ते कळलं नाही म्हणून ट्रे घेऊन रूमवर आलो. त्या पोरांनी काही वाईट केलं नव्हतं, त्यांचं टेबल बदललं एवढंच. पण चार महिन्यांत जमवलेलं सगळं एका दिवसात विस्कटलं.

म्हणून दुसऱ्या वर्षी रश असणारी कॉलेजं मला मनापासून बरी वाटतात. तोपर्यंत पोराची मैत्री रूममेटशी, लॅब पार्टनरशी, टीममधल्यांशी पक्की झालेली असते आणि हाऊस नाही मिळालं तरी पायाखाली काहीतरी असतं. हे नियम कॉलेजं मधूनमधून बदलतात, तेव्हा त्या वर्षीचं वेळापत्रक ग्रीक लाइफ ऑफिसच्या पानावर स्वतः बघा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्यासुद्धा.

तिसरं, हाऊस कुठे आहेत आणि त्यात राहतं कोण. याने आठवड्याचं रोजचं जगणं ठरतं आणि टूरवर कोणी आपणहून सांगत नाही. व्हँडरबिल्टला हाऊसमध्ये फक्त मोजके पदाधिकारी राहतात, बाकी सगळे डॉर्ममध्ये, म्हणजे मंगळवारी रात्री ग्रीक आणि बिगरग्रीक एकाच कॉरिडॉरमध्ये असतात. लीहायला टेकडीवर वेगळी हाऊस आहेत. काही ठिकाणी दुसऱ्या वर्षी मेंबर हाऊसमध्येच राहायला जातात आणि जेवणही तिथेच, हाऊसचा स्वतःचा आचारी असतो. तिथे बिगरग्रीक पोराचे मित्र नुसते शुक्रवारी नाही, रोज संध्याकाळी साडेसहाला गायब होतात. विचारा, दुसऱ्या वर्षी पोरं कुठे राहतात आणि कुठे जेवतात. दोन साधे प्रश्न आहेत पण उत्तरातून अख्खं कॉलेज कळतं.

चौथं, व्हिजिट शुक्रवारी करा. ॲडमिटेड स्टुडंट्स डेला ऊन असतं, फुगे असतात, प्रेसिडेंट हात मिळवतात, त्यातून काही कळत नाही. आम्ही धाकट्या लेकीच्या वेळी शहाणे झालो आणि ऑक्टोबरातल्या एका साध्या शुक्रवारी गेलो, रात्री गावातच मोटेलमध्ये राहिलो. साडेदहाला मी आणि नवरा हाऊसच्या रस्त्यावरून चालत गेलो. एका पोर्चवर एक पोरगा फोनमधली यादी बघत उभा. सहा मुलींचा घोळका आला, थंडीत बिनबाह्यांचे टॉप, त्याने मान हलवली, सगळ्या आत. मागून चार मुलगे आले, त्यातल्या एकाने कोणाचं तरी नाव सांगितलं, यादीवाला म्हणाला, मुली किती आहेत तुमच्याबरोबर? एकही नाही म्हटल्यावर ते चौघे वळले आणि काही न बोलता आले तसे परत गेले, जणू हे रोजचंच. सकाळी त्याच लॉनवर लाल प्लास्टिकचे कप गोळा करत दोन पोरं फिरत होती, चेहऱ्यावरून पहिल्या वर्षाची वाटत होती. हे बघून लेकीने स्वतःच ठरवलं, मला एक शब्द बोलावा लागला नाही.

मुलींच्या आयांना इथे एक वेगळं सांगायचंय. सोरोरिटीच्या हाऊसमध्ये राष्ट्रीय संस्थांच्या नियमाप्रमाणे दारू चालत नाही. ऐकून आपल्याला हायसं वाटतं. पण त्याचा परिणाम असा की पार्ट्या सगळ्या मुलांच्या हाऊसमध्ये होतात, म्हणजे दार त्यांचं, पेय त्यांनी ओतलेलं, खोल्या त्यांच्या, आणि घरी परत सोडणारा प्लेजही त्यांचाच. मुलीशी हे बोलाच, लाजू नका. एकटी जायचं नाही, ग्लास हातातून सोडायचा नाही, परत येताना जेवढ्या गेल्या तेवढ्या परत. आणि एकवीसच्या आत दारू पिणं इथे बेकायदेशीर आहे हेही. भारतातून एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्या पोरांना तर अजून कडक सांगा, दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं गेलं तर व्हिसा रद्द होऊ शकतो.

पाचवं, बिगरग्रीक पोरांशी बोला. ॲडमिशन ऑफिसला ईमेल करा की आम्हाला कुठल्याही हाऊसमध्ये नसलेल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी बोलायचंय. किती पटकन आणि किती मोकळेपणाने जोडून देतात त्यावरूनच निम्मं कळतं. त्या पोराला असं विचारू नका की तू खूश आहेस का, सगळे हो म्हणतात. विचारा, गेल्या शुक्रवारी रात्री नऊ ते एक तू काय केलंस, कोणाबरोबर, कुठे. उत्तरात थिएटर, रेडिओ स्टेशन, क्लाइंबिंग, आकापेला म्हणजे वाद्यांशिवायचं गाणं, कोणाच्या तरी अपार्टमेंटमध्ये स्वयंपाक असं काहीतरी ठोस आलं तर चांगलं लक्षण. उत्तर आलं की कधी कधी मी वीकेंडला घरी जातो, तर लक्षात घ्या. गावाचाही यात हात असतो. नॅशव्हिल (व्हँडरबिल्ट) किंवा डॅलसला (एसएमयू) शहर आहे, पोरं बाहेर जाऊ शकतात. लेक्सिंग्टन (वॉशिंग्टन अँड ली), लुइसबर्ग (बकनेल), हॅमिल्टन (कोलगेट), हॅनोव्हर (डार्टमथ) ही छोटी गावं, सुंदर आहेत, पण रात्री दहानंतर हाऊस सोडून उघडं फारसं काही नसतं.

माझा मुलगा शेवटी थिएटरच्या लाइट्सच्या टीममध्ये रमला. शिडीवर चढून लाइट लावणाऱ्या सात-आठ जणांचा तो त्यांचा कट्टा. त्यातले दोघे फ्रॅटर्निटीतलेही होते. पण हे व्हायला दुसऱ्या वर्षाचा नोव्हेंबर उजाडला, आणि मधले दहा महिने आम्ही दोघांनी फोनकडे बघत काढले.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगणं अन्याय होईल. भाची पहिल्याच वर्षी सोरोरिटीत गेली आणि फुलली. दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या आठवड्यात कोल्हापूरला आमची आई वारली, तेव्हा तिची बिग, म्हणजे हाऊसमधली तिची मोठी बहीण, पहाटे चारला गाडी घेऊन हजर, एअरपोर्टला सोडलं, प्रोफेसरांना कोणी ईमेल करायचे ते हाऊसमधल्या मुलींनी आपापसात वाटून घेतलं, परत आली तेव्हा फ्रिजमध्ये हिच्या नावाचे डबे होते. पहिली इंटर्नशिप हाऊसच्या जुन्या मेंबर बाईंच्या ओळखीने लागली. फायनान्स आणि कन्सल्टिंगमध्ये या कॉलेजांच्या माजी विद्यार्थ्यांचा एकमेकांना हात देण्याचा रिवाज खरंच आहे, उगाच म्हणत नाहीत. ज्या पोराला घोळक्यात बळ येतं, नवीन माणसाशी दोन मिनिटांत गप्पा जमतात, नाकारलं गेलं तर दोन दिवस रडून तिसऱ्या दिवशी उठतं, त्याला हे मानवतं. आपलं पोर कसं आहे ते आपल्याला माहीत असतं, फक्त कॉलेजच्या नावापुढे आपण ते विसरतो.

सहावं, आपल्यासारखी पोरं. हे लोक चारचौघांत बोलत नाहीत पण घरी सगळे विचारतात. प्रत्येक चॅप्टरचं, म्हणजे फ्रॅटर्निटी-सोरोरिटीच्या त्या कॉलेजातल्या शाखेचं, इन्स्टाग्राम उघडा, बिड डेचे फोटो बघा. हाऊसमध्ये जायला मिळालं तर भिंतीवर काँपोझिट असतं, सगळ्या मेंबरांचे छोटे फोटो एका मोठ्या फ्रेममध्ये, वर्षावर्षाच्या फ्रेम ओळीने. शेवटच्या पाच-सहा फ्रेम नीट बघा. एखाद्या हाऊसमध्ये दरवर्षी चार-पाच भारतीय, चिनी, काळे चेहरे दिसतील, शेजारच्याच हाऊसमध्ये साठातला एक. एकाच कॉलेजात हाऊसगणिक फरक असतो. साउथ एशियन फ्रॅटर्निटी-सोरोरिटीही आहेत, डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ ला ऑस्टिनला सुरू झाली, मुलींची डेल्टा फाय ओमेगा त्याच वर्षी ह्यूस्टनला. पण त्या मुख्यतः मोठ्या युनिव्हर्सिट्यांत आहेत, दोन हजार पोरांच्या छोट्या कॉलेजात बहुतेक नसतात. तिथे साउथ एशियन असोसिएशन असते, दिवाळीला किती ताटं होतात ते विचारा.

सातवं, पैसे. कॉलेजचा खर्च वर्षाला ८५-९० हजार डॉलर किंवा त्याहून जास्त, तो तर आहेच. त्यावर ड्यूज, हाऊसप्रमाणे सेमिस्टरला काही शे डॉलरपासून दोन-तीन हजारांपर्यंत, आणि पहिल्या सेमिस्टरला प्रवेशाची फी, पिन वगैरे धरून जास्तच. कॉलेजची एड, म्हणजे आर्थिक मदत, यासाठी मिळेल असं धरून चालू नका. आणि यादीत न दिसणारा खर्च वेगळाच, फॉर्मलचे ड्रेस, बिगने लिटलला, म्हणजे हाऊसमधल्या धाकट्या बहिणीला, द्यायच्या भेटी, स्की ट्रिप, बहामाची स्प्रिंग ब्रेक. एडवर असलेलं पोर याला नाही म्हणतं आणि का नाही ते सांगत नाही. प्रत्येक चॅप्टरने पूर्ण खर्च लिहून द्यावा असं रशच्या आधीच मागता येतं, आणि काही चॅप्टरकडे स्कॉलरशिपही असते, विचारायला पोरांना लाज वाटते म्हणून आधीच सांगून ठेवा.

आठवं, हेझिंग. आपल्याला रॅगिंग माहीत आहे, महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. पण हेझिंग रॅगिंगहून फसवं असतं, कारण पोर स्वतःहून गेलेलं असतं, आत राहायचं असतं, म्हणून ते गप्प बसतं आणि वर म्हणतं मीच हो म्हणालो. पेन स्टेटला २०१७ मध्ये बिडच्या रात्री दारू पाजून जिन्यावरून पडलेला एक एकोणीस वर्षांचा मुलगा गेला, तासन् तास कोणी ॲम्ब्युलन्स बोलावली नव्हती. त्यानंतर पेनसिल्व्हेनियात कडक कायदा आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये देशभरासाठी स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्टवर सही झाली. त्यामुळे आता कॉलेजांना कुठल्या संघटनेने काय केलं आणि काय शिक्षा झाली याचा अहवाल साइटवर टाकावा लागतो. कॉलेजचं नाव आणि हेझिंग ट्रान्सपरन्सी रिपोर्ट असं शोधा. मग विद्यार्थ्यांच्या पेपरचे जुने अंक चाळा, लीहायचं ब्राउन अँड व्हाइट, व्हँडरबिल्टचं हसलर, बकनेलचं बकनेलियन, पोरं त्यात स्पष्ट लिहितात. एखादं चॅप्टर सस्पेंड झालेलं दिसलं म्हणून कॉलेज बाद करू नका. काहीच सापडत नसेल तर जास्त विचार करा, कारण लपवणाऱ्या कॉलेजपेक्षा पकडून छापणारं कॉलेज बरं.

आणि घरी एक ठरवून ठेवा. कुठल्याही रात्री, कितीही वाजता, एक ठरलेला शब्द मेसेज केला की आम्ही प्रश्न न विचारता गाडी पाठवू. आमच्याकडे तो शब्द पोहे होता.

अर्ली डिसिजन भरण्याआधी हे सगळं झालेलं हवं, ते बंधनकारक असतं, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जावं लागतं, आणि बऱ्याच ठिकाणी तारीख १ नोव्हेंबर, म्हणजे खरं काम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच. शुक्रवारची व्हिजिट जमली नसेल तर अर्ली डिसिजन सोडा, रेग्युलरमध्ये भरा आणि एप्रिलमध्ये जा, डिपॉझिटची तारीख साधारण १ मे असते, तेवढा वेळ पुरतो. एप्रिलमध्ये जाल तेव्हा पोराला एक रात्र डॉर्ममध्ये राहू द्या, पहिल्या वर्षाच्या कोणाबरोबर तरी, जमलं तर बिड न मिळालेल्या. सकाळी घ्यायला गेलात की गाडीत बसल्या बसल्या कसं वाटलं विचारू नका. आधी कुठेतरी थांबून पॅनकेक खाऊ घाला, झोपू द्या, दोन तासांनी हायवेवर ते आपणहून बोलायला लागेल, तेव्हा रेडिओ बंद करून नुसतं ऐका.